पाचवा फर्मा

माझ्या कपाटात एक कथासंग्रह आहे. त्यात चौसष्टाव्या पानानंतर एकदम एक्क्याऐंशीवं पान येतं आणि मधे छपाईच नसलेली सोळा पानं आहेत. घरी आलेलं कुणी ते चाळतं आणि माझी कीव करत म्हणतं, "दुकानदाराने फसवलं की तुम्हाला." मी नुसती मान हलवते. ते पुस्तक दुकानातून आलंच नव्हतं, हे सांगायला बसलं तर चहा गार होईल. शिवाय ऐकणारा मधेच स्वतःची गोष्ट सुरू करतो आणि मला ते अजिबात खपत नाही. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. दिंडोरीच्या पुढे, रस्त्याला लागून असलेल्या एका गावातल्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचे. राहायला नाशिकला, नोकरी तिकडे, आणि मधे रोजची एसटी. सव्वा तास जाताना, सव्वा तास येताना. गाडी म्हसरूळ सोडून मोकळ्या रस्त्याला लागली की खिडक्या अशा खडखडायच्या की शेजारणीशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. थंडीत त्या खिडक्या बंद होत नसत आणि उन्हाळ्यात उघडत नसत.

आम्ही चौघीजणी होतो. इतिहासाच्या बाई सगळ्यांत मोठ्या, म्हणून त्या थोरल्या बाई. त्यांच्या पर्समध्ये कायम लाल-निळी पेन्सिल असायची आणि वर्तमानपत्रातल्या चुकाही त्या तिने दुरुस्त करायच्या. गणिताच्या बाई बारीक चणीच्या, हसऱ्या. कंडक्टरने सुटे पैसे नाहीत म्हटलं की त्याला तोंडी हिशेब करून गप्प करणाऱ्या. तिसऱ्या शिवणाच्या बाई. त्या पंचवटी कारंजावर चढायच्या, खिडकीची जागा धरायच्या आणि लोकरीचं विणकाम काढायच्या. गाडी कितीही उसळली तरी त्यांचा टाका सुटत नसे. चिंधी फेकायची नाही हा त्यांचा नियम होता. तासाला मुलींनी कापड कापलं की खाली पडलेले कपटे त्या वेचून पिशवीत भरायच्या आणि घरी न्यायच्या, उशीत घालायला. मुली हसायच्या. आम्हीही हसायचो. चौथी मी, सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांत फटकळ.

आता फर्म्यांचं सांगते. गणिताच्या बाईंचा भाऊ मेनरोडमागच्या बोळात एका बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होता. छापखान्यातून मोठमोठे छापील कागद तिथे यायचे. त्या कागदाची घडीवर घडी घातली की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. असे दहा-बारा फर्मे एकावर एक ठेवून शिवले, कडा कापल्या, पुठ्ठा चढवला, की पुस्तक झालं. एखादा कागद मळला, एखादी घडी वाकडी गेली तर हाताशी असावेत म्हणून थोडे फर्मे जादाच छापलेले असत. काम संपलं की ते रद्दीत. भावाने एकदा मालकाला विचारून असा एक संच बहिणीला आणून दिला आणि ती तो गाडीत घेऊन आली. ना शिलाई, ना पुठ्ठा, पानांच्या कडाही जोडलेल्याच. तो एका नव्या लेखकाचा कथासंग्रह होता.

"एकाच वेळी चौघींना वाचता येईल," गणिताच्या बाई म्हणाल्या. "वाटून घेऊ."

झालं, तिथून पायंडाच पडला. शनिवारी सकाळची शाळा असायची, परतीच्या गाडीत वाटप व्हायचं. प्रत्येकीला एक फर्मा, आठवडाभर तिचा. पुढच्या शनिवारी अदलाबदल. पानांच्या कडा जोडलेल्या, म्हणून आधी त्या फोडाव्या लागत. थोरल्या बाई पट्टीने फोडायच्या, गणिताच्या बाई आणि मी केसातल्या आकड्याने. आमची पानं कुत्र्याने चावल्यासारखी दिसत. शिवणाच्या बाईंकडून आलेला फर्मा मात्र कात्रीने सरळ कापलेला असे, बोट फिरवावं असा. न फोडलेल्या पानांच्या घडीत छान खिसा तयार होतो. त्यात मी माझा एसटीचा पास ठेवायचे.

भानगड एकच होती. फर्मा सोळा पानांवर संपतो, कथा तिच्या मर्जीने संपते. कुणाच्या हाती कथेचं धड आलेलं असे, तर कुणाच्या हाती नुसते पाय. नवरा रागाने घराबाहेर पडला इथवर मी वाचलेलं, आणि तो परत आला का हे शेजारी बसलेल्या बाईंना ठाऊक. मग खडखडाटात ओरडून विचारायचं, "आला का हो?" थोरल्या बाई ओठ आवळून सांगायच्या, "आला. पण भाजी घेऊन." तेवढ्याशा शब्दांत काय काय असेल याचा विचार करत मी दिंडोरीपर्यंत जायचे. फर्मा सोमवार-मंगळवारी वाचून होई. उरलेला आठवडा सांगण्याचा आणि ऐकण्याचा. आजही नवा कथासंग्रह हातात घेतला की मला लोकरीचा आणि डिझेलचा वास आधी येतो.

लोक विचारतात, कादंबरी सोडून कथेचंच वेड का लागलं. कादंबरी मला सासरसारखी वाटायची, एकदा गेलं की तिथलंच होऊन राहायचं. कथा म्हणजे मैत्रिणीकडे उभ्या उभ्या जाऊन येणं. सव्वा तासात एक माणूस भेटायचं आणि उतरायच्या आत निघून जायचं. आणि माणसं तरी कशी, आमच्यासारखीच. लहानपणी मी वाचलेल्या गोष्टींतल्या बायका एकतर फार सुंदर असायच्या किंवा फार दुःखी. या नव्या गोष्टींत स्टोव्हची पिन शोधणारी नर्स होती, रॉकेलच्या रांगेत उभा असलेला कारकून होता, बदलीच्या ऑर्डरीला घाबरणारा तलाठी होता. माझ्यासारख्या बाईची गोष्ट होऊ शकते, हे मला त्या गाडीत पहिल्यांदा कळलं. वर्गात शिकवताना मी हे कधी सांगितलं नाही, कारण अभ्यासक्रमात तसलं काही नव्हतं.

शिवणाच्या बाईंना मात्र या गोष्टींचे शेवट पटत नसत. "संपली? इथेच?" त्या सुया थांबवून विचारायच्या. "मग त्या पोरीचं काय झालं?" लेखकाने ते आपल्यावर सोडलंय असं थोरल्या बाई समजावायच्या. "आपल्यावर कशाला सोडायचं? काज करायचं आणि गुंडी लावायची नाही, ह्याला काय अर्थ आहे?" असं म्हणून त्या परत विणायला लागायच्या. दर वेळी त्यांची एकच मागणी असे. "आधी तुम्ही सांगा, मग मी वाचीन. ऐकून वाचलं की गोडी वाढते." आणि त्या ऐकायच्या अशा, की सांगणारीला चेव चढावा. "मग?" म्हणायच्या. योग्य ठिकाणी "अगं बाई!" म्हणायच्या. मी आयुष्यात एवढे तास घेतले, पण तसा विद्यार्थी मला मिळाला नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात माझ्या घरात वेगळंच शिजत होतं. मुलगी दीड वर्षाची, सारखी सर्दी, छातीत कफ. नवरा सातपूरच्या कारखान्यात, पाळी बदलती. दिवसभर तिला सासूबाई सांभाळायच्या. सासूबाई वाईट नव्हत्या, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण गोष्टींतल्या सासवांनी त्यांच्या जातीला उगाच बदनाम केलं आहे. पण त्यांचे गुडघे गेले होते आणि धावत्या पोरीमागे त्यांना उठवत नसे. एकदा मुलगी मोरीत घसरून पडली, हनुवटीला टाके पडले. त्या रात्री त्या माझ्यापेक्षा जास्त रडल्या. नवरा म्हणाला, "तूच ठरव." हे दोन शब्द नवरा कोणत्या सुरात म्हणतो यावर सगळं असतं. याचा सूर ठरवून झालेला होता. शुक्रवारी शाळेत राजीनाम्याचा अर्ज द्यायचा, असं जेवताना ठरलं. म्हणजे मी काहीच बोलले नाही आणि ते ठरलं.

अर्ज मी सोमवारीच लिहिला. घरगुती अडचणींमुळे वगैरे. चार ओळींचा कागद, पण तो ठेवायचा कुठे? पर्समध्ये मुलीच्या औषधाची बाटली सांडायची. मी तो फर्म्याच्या न फोडलेल्या घडीत ठेवला आणि फर्मा पर्समध्ये. त्या आठवड्यात माझ्याकडे चौथा फर्मा होता. मंगळवारी परतीच्या गाडीत मी तो फोडत फोडत वाचायला लागले आणि अंगावर काटा आला.

गोष्ट एका मास्तरणीची होती. तालुक्याच्या गावाला रोज बसने जाणारी, घरी आजारी माणूस. तिनेही राजीनामा लिहिलेला. तिलाही शिकवायला मनापासून आवडायचं आणि ते कुणापुढे बोलायची लाज वाटायची, कारण गरज म्हणून नोकरी करते म्हटलं तर लोक मान देतात, आवड म्हणून करते म्हटलं तर तोंड फिरवतात. लेखक पुरुष होता. त्याला हे कुठून कळलं, देव जाणे. शेवटी ती मास्तरीण हातात अर्ज घेऊन हेडमास्तरांच्या दारात उभी राहते. आतून ते विचारतात, "काय काम आहे?" तिथे चौसष्टावं पान संपलं.

पाचवा फर्मा शिवणाच्या बाईंकडे होता.

बुधवारी मी विचारलं नाही. गुरुवारीही नाही. विचारायची भीती वाटत होती. एका छापील बाईच्या हातात आपण आपला निर्णय देतोय हे मला समजत होतं, आणि समजूनही मी तेच करणार होते. वेडेपणा होता, पण घरात मला कुणी विचारलं नव्हतं आणि या गोष्टीने विचारलं होतं. शुक्रवारी गाडी पंचवटी कारंजावर थांबली. शिवणाच्या बाई चढल्या, माझ्या शेजारी बसल्या, सुया काढल्या. म्हसरूळ गेलं. अर्ज फर्म्यात, फर्मा पर्समध्ये, पर्स मांडीवर.

"बाई, तुमचा फर्मा वाचून झाला?"

"कालच झाला. का गं?"

"आणलाय?"

"नाही बाई, घरीच राहिला."

मग मला दम निघेना. "त्यातली पहिली गोष्ट. ती मास्तरीण हो. हेडमास्तरांच्या दारात उभी असते, हातात राजीनामा. माझ्याकडे तिथेच पान संपलं. ती देते का हो अर्ज?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टाके मोजत होत्या. सुई संपेपर्यंत विणलं, विणकाम उलटं केलं आणि म्हणाल्या, "नाही देत."

"मग?"

"हेडमास्तर विचारतात, काय काम आहे. ती म्हणते, काही नाही, खडू संपलेत. खडूची पेटी घेते आणि वर्गात जाते. तिथे तो अर्ज फाडते. बारीक बारीक तुकडे करते, पण टाकत नाही हं. पर्समध्ये भरून ठेवते."

मागच्या बाकावर पेरूची पाटी घेऊन एक बाई बसली होती. तिने पुढे वाकून विचारलं, "कोन वो ही मास्तरीन? आपल्याकडची हाय का?"

"नाही, पुस्तकातली," मी म्हटलं.

"बेस केलं तिनं," ती म्हणाली. "लय बेस केलं. पोरांचा तरी इचार करायला पायजेल ना मानसानं." आणि आम्हा दोघींना एकेक पेरू दिला.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत गेले. खरंच गेले. ते म्हणाले, "बोला बाई." मी म्हटलं, "खडू संपलेत." सातवी ब च्या रिकाम्या वर्गात अर्ज फाडला, तुकडे पर्समध्ये भरले. नंतर मुलं आत आली आणि मी त्यांना समास शिकवले.

घरी जे झालं ते सगळं लिहीत नाही. नवरा दोन दिवस बोलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग पोरीला कोण बघणार ते तरी सांग," आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. सोमवारी गाडीत शिवणाच्या बाई, मी काही न सांगताच, म्हणाल्या, "माझी नणंद दिवसभर घरीच असते. तिला लेकरांचं भारी वेड आहे. सकाळी पोरीला माझ्याकडे सोडत जा. मला तिथूनच गाडी धरायची असते, आपण दोघी बरोबर निघू." मी म्हटलं, तुम्हाला त्रास कशाला. त्या चिडल्या. "मी तुला विचारत नाहीये, सांगतेय." पुढे चार वर्षं माझी मुलगी त्यांच्या घरी वाढली. त्यांना ती बाईआजी म्हणायला लागली, आणि नणंदेने भरवल्याशिवाय जेवेनाशी झाली. सासूबाई संध्याकाळी तिला गोष्टी सांगायच्या आणि हळूहळू नवऱ्याचा सूरही बदलला.

पाचवा फर्मा काही परत आला नाही. शनिवारी शिवणाच्या बाई कानाला हात लावून म्हणाल्या, "कपडे बेतायच्या कागदांत कुठेतरी गेला, सापडतच नाही." गणिताच्या बाई हळहळल्या, थोरल्या बाई रागावल्या. त्या फर्म्यातल्या बाकीच्या गोष्टी विचारल्या तर शिवणाच्या बाई "मला नाही बाई तुमच्यासारखं सांगता येत" म्हणाल्या, त्यामुळे त्या कुणालाच कळल्या नाहीत. मला मास्तरणीचा शेवट माहीत होता, तेवढा मी दोघींना सांगितला. सगळे फर्मे वाचून झाले की गणिताच्या बाईंचा भाऊ ते बांधून द्यायचा आणि पुस्तक आळीपाळीने एकेकीला मिळायचं. हे अपुरं पुस्तक कुणी घेईना, म्हणून मी घेतलं. भावाने रीतीप्रमाणे हरवलेल्या फर्म्याच्या जागी तेवढी कोरी पानं घातली होती. पहिल्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलीने तो शेवट लिहून ठेवला. खडू, तुकडे, पर्स, सगळं.

एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण मी मराठीची शिक्षिका. पहिल्या फर्म्यात लेखकाचा पत्ता छापलेला होता. मी त्यांना पत्र लिहिलं. दोन पानी. तुमच्या कथेचा शेवट किती साधा आणि किती धीट आहे, तुकडे पर्समध्ये ठेवण्यातली सूचकता किती मोठी आहे, असं बरंच काही. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. "आपलं पत्र दोनदा वाचलं. शेवट आपण म्हणता इतका चांगला मला साधला असेल, असं वाटलं नव्हतं. लोभ असावा." मोठ्या माणसाची नम्रता म्हणून ते कार्ड मी शाळेत सगळ्यांना दाखवलं. शिवणाच्या बाईंनी ते नीट हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे."

नंतरची वर्षं भराभर गेली. दिंडोरीच्या रस्त्याला द्राक्षबागा वाढल्या, वेलींच्या मांडवांचे तारा-खांब दिसायला लागले, शाळेला वरचा मजला आला. गणिताच्या बाईंची बदली येवल्याला झाली. थोरल्या बाई निवृत्त झाल्या आणि पुण्याला मुलाकडे गेल्या. भावाचा कारखाना बंद पडला, फर्मे येणं थांबलं. सगळ्यांत शेवटी शिवणाच्या बाईही निवृत्त झाल्या. मी वाचनालयातून अख्खी, शिवलेली, कडा कापलेली पुस्तकं आणून गाडीत वाचायला लागले. एकटी. शेवटपर्यंत वाचता यायचं, पण पान मिटल्यावर विचारायला शेजारी कुणी नव्हतं. मला त्या बायकांची इतकी आठवण यायची की कधी कधी डोळे भरून यायचे आणि कंडक्टरला वाटायचं धूळ गेली. शिवणाच्या बाई आता घरीच मुलींचे शिवणाचे वर्ग घ्यायला लागल्या.

माझी मुलगी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. सुट्टीत ती बाईआजीकडे शिवण शिकायला जायची. एकदा दुपारी ती परकराच्या बेताचे जुने कागद घरी घेऊन आली, जमिनीवर पसरून बसली आणि म्हणाली, "आई, यात हे कसलं पुस्तक आलंय बघ. उघडतच नाही."

पिवळा पडलेला फर्मा होता. पहिल्या पानावर आकडा पासष्ट. मी हातात घेऊन उलटसुलट केला. एकही कड फोडलेली नव्हती. कात्री सोडाच, नखसुद्धा लागलेलं नव्हतं. जसा बाइंडरकडून आला तसाच तो अकरा वर्षं कागदांत पडून होता.

मला कळायला जरा वेळ लागला. वाचून झालाय म्हणाल्या होत्या. कालच झाला म्हणाल्या होत्या.

केसातला आकडा काढला आणि तिथेच जमिनीवर बसून मी पानं फोडली. मास्तरीण आत जाते. अर्ज देते. हेडमास्तर तो वाचत नाहीत, त्यावर पेपरवेट ठेवतात आणि म्हणतात, जाताना दार ओढून घ्या. ती दार ओढून घेते. मग दीड पानभर ती स्टँडवर गाडीची वाट बघते. गाडी येते. कंडक्टर रोजच्यासारखा पास बघायला हात पुढे करतो. महिन्याचे अजून नऊ दिवस त्या पासावर बाकी असतात. तिथे गोष्ट संपते.

फार चांगला शेवट आहे. खडूच्या पेटीपेक्षा कितीतरी चांगला, हे मला कबूल केलंच पाहिजे. आधी मला संताप आला. अकरा वर्षं मी त्या लेखकाचं कौतुक करत फिरले, ते पोस्टकार्ड सगळ्यांना दाखवलं! दुसऱ्या क्षणी तुकडे आठवले. पर्समध्ये भरलेले. कपटे फेकत नाही असं कोण होतं आमच्यात, हे एका शिक्षिकेला अकरा वर्षं सुचू नये? मग मला रडू फुटलं, आणि मुलगी घाबरून पाणी घेऊन आली.

संध्याकाळी फर्मा आणि मुलीला घेऊन मी पंचवटीत गेले. बाई ओसरीवर ब्लाउजला हातशिलाई घालत बसल्या होत्या. मी फर्मा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सापडला होय," म्हणाल्या.

"तुम्ही वाचलीच नव्हती गोष्ट."

"नाही."

"बाकीचे फर्मे?"

"शनिवारी सकाळी घाईघाईने कापायची कात्रीने, तुम्हाला द्यायच्या आधी. मला कुठे वाचायला आवडतं गं? बसलं की झोप येते. मला तुमच्या तोंडून ऐकायला आवडायचं. वाचते म्हटलं नसतं तर तुम्ही मला कशाला सांगितलं असतं?"

"आणि तो शेवट? तो कुठून आणलात?"

"तूच नाही का सांगितलंस सगळं. दार, हेडमास्तर, हातात अर्ज. आणि विचारताना पर्सवरचा हात काही काढत नव्हतीस." त्यांनी टाका घातला. "आदल्या दिवशी तुझ्या फर्म्यातून कागदाचं टोक बाहेर आलेलं दिसलं होतं मला. आता ह्यात वाचायचं काय राहिलं होतं?"

"आणि मी नंतर वाचली असती तर?"

"म्हणून तर हरवला."

आत माझी मुलगी मशीनवर बसली होती, तिच्या पायांचा ठेका ऐकू येत होता. नणंदबाई तिला काहीतरी खायला देत होत्या आणि ती नको म्हणत होती.

थोड्या वेळाने बाईंनीच विचारलं, "खरा काय आहे मग? सांग की."

मी पहिल्यापासून सांगितली. बसने जाणारी मास्तरीण, घरचं आजारी माणूस, चार ओळींचा कागद. त्या शिवत शिवत ऐकत होत्या. "मग?" म्हणत होत्या. मी दारापर्यंत आले तेव्हा त्यांचा हात थांबला.

"देते?"

"देते."

पेपरवेट सांगितला, ओढून घेतलेलं दार सांगितलं, पासाचे नऊ दिवस सांगितले. त्यांनी दाताने दोरा तोडला, घडी झटकली.

"बरं झालं मी वाचली नाही," म्हणाल्या, आणि सुई माझ्यापुढे धरली. "ओवून दे गं दोरा. मला आता दिसत नाही."